परसांतला वावळ

छत्तीस वर्षें आम्ही मुलांना गणित आणि संस्कृत शिकविलें. ज्यांना हौस असे अशा मुलांकडून अमरकोशाचा कांहीं भाग पाठ करून घेत असूं. त्यांत करंजाच्या पर्यायांमध्यें ‘चिरबिल्व’ हा शब्द येतो, तो आम्ही मोठ्या खणखणीत स्वरांत म्हणवून घ्यावा. पुढें वैद्यकाच्या ग्रंथांशीं थोडा परिचय झाला, तेव्हां असें समजलें कीं, पुष्कळ वैद्य हें नांव करंजाला न लावतां वावळाला लावतात, आणि मूळव्याधीवर जो चिरबिल्वादि काढा देतात त्यांत याच झाडाची साल घालतात. गंमत अशी कीं, हा वावळ आमच्या परसांत, विहिरीपासून वीस पावलांवर, आमच्या जन्माच्या आधींपासून उभा होता! शब्द तोंडांत आणि वस्तु दारांत असूनहि दोहोंची गांठ पडूं नये, हें आमच्यासारख्या पोथीपंडितांच्या बाबतींत कांहीं नवें नाहीं. परंतु या वावळानें आम्हांला याहून मोठा एक धडा दिला. तो दिला मात्र पडल्यावर, आणि तोहि एका आरागिरणींत.

वावळ हा मानाचा वृक्ष नव्हे. वडासारखें त्याला कोणी सूत गुंडाळीत नाहीं, कीं औदुंबरासारखा त्याला कोणी पार बांधीत नाहीं. पान चुरगाळलें तर उग्र वास येतो. माघाच्या सुमारास पानें झडतात, आणि मग उघड्या फांद्यांवर चपट्या, वाटोळ्या, हिरव्या फळांचे झुपके लटकूं लागतात. मधोमध एक बी आणि भोंवतीं कागदासारखा पातळ पंख, असा त्या फळाचा आकार असतो. वैशाखांत तीं वाळून वाऱ्यावर उडूं लागलीं कीं अंगण, माजघर, देवघर, कांहीं सुटत नसे. आमच्या मातोश्री केरसुणी हातांत घेऊन झाडाला बोल लावीत, आणि आम्ही मुलें त्या पापड्या गोळा करून आंतलें बीं चारोळीसारखें खात बसूं.

लांकूड म्हणूनहि वावळाची प्रतिष्ठा बेताचीच आहे. सागवानाचा सोन्यासारखा गाभा त्याला नसतो. आंतबाहेर एकच फिकट पिवळसर रंग. गाडीचे किरकोळ भाग, खोकीं, फण्या, हलकें सामान, हाच त्याचा उपयोग. तथापि त्याचें कूळ लहान नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला विलायतेंतील एल्म वृक्षाच्या कुळांत घालतात आणि इंग्रजींत त्याचें नांवहि ‘इंडियन एल्म’ असेंच आहे. त्या विलायती भाऊबंदानें तिकडे मोठी चाकरी केली. त्याचें लांकूड तंतू एकमेकांत गुंतल्यामुळें सहसा उभें फाटत नाहीं. म्हणून गाडीच्या चाकाचा तुंबा आणि खुर्चीची बैठक त्याचीच करीत. लंडन शहरांत जुन्या काळीं पाणी नेण्यासाठीं ओंडके आरपार पोखरून जे नळ घातले जात, तेहि याच लांकडाचे. पुढें एका बुरशीनें त्या वृक्षांवर घाला घातला. सालींत राहणारे भुंगेरे ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिची जी सांथ ब्रिटनमध्यें उसळली, तींत अडीच कोटींहून अधिक एल्म वाळून गेले. आमच्या वावळावर तशी आपत्ति आली नाहीं. त्याच्यावर आपत्ति आली ती आमचीच.

आतां थोडें घरचें सांगणें भाग आहे. तीर्थरूपांच्या पश्चात् कांहीं वर्षें आम्ही व आमचे धाकटे बंधु एकाच चुलीवर राहिलों. २०१६ सालीं वांटण्या झाल्या. वांटणीचें कारण सांगण्याजोगें नाहीं, कारण तें आज आठवूं गेल्यास नीटसें आठवतहि नाहीं. परसांत मधोमध तारेचें कुंपण आलें आणि वावळ नेमका त्या कुंपणाच्या रेषेवर सांपडला. त्या दिवसापासून दोन्ही घरांतल्या स्त्रिया विहिरीवर बोलत, मुलें तारेखालून इकडून तिकडे जात. बोलणें बंद होतें तें फक्त आम्हां दोघां शहाण्यांचें.

२०१८ च्या वैशाखांत वळवाचा पाऊस आला, आणि त्या रात्रीच्या वाऱ्यानें वावळ मुळासकट आडवा झाला. सुदैवानें तो दोन्ही घरांच्या मधल्या मोकळ्या जागेंतच पडला. सकाळीं दोन्ही बाजूंचीं माणसें कुंपणाशीं जमलीं. बंधु तिकडून पाहत होते, आम्ही इकडून पाहत होतों. झाड कोणाचें, हा प्रश्न दोघांच्याहि मनांत होता आणि तो दोघांपैकीं एकानेंहि उच्चारला नाहीं. निरोप मुलांकरवीं चालले. ‘काकांना सांग, त्यांना हवें तर नेऊं देत.’ ‘अण्णांना सांग, आम्हांला नको, त्यांनींच न्यावें.’ या औदार्याच्या चढाओढींत तीन आठवडे गेले, आणि ओंडका वळवाच्या पावसांत भिजत व उन्हांत तापत पडून राहिला. अखेर आमच्या वहिनींनीं, म्हणजे चुलत घरच्या थोरल्या जाऊबाईंनीं, दोघांसहि चार शब्द सुनावले, तेव्हां कागदपत्रांचे सोपस्कार उरकून आम्ही ओंडका तालुक्याच्या आरागिरणीवर नेला.

गिरणी लहानशीच. पत्र्याचें छप्पर, जमिनींत बसविलेले रूळ, रुळांवरून सरकणारा गाडा, आणि वर-खालीं असलेल्या दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी दांतेरी पोलादी पट्टी. आमच्या लहानपणीं खड्ड्यावर ओंडका ठेवून एक माणूस वर व एक खालीं उभा राही आणि लांबच लांब करवत दिवसभर ओढीत. तें काम ही पट्टी कांहीं मिनिटांत करते. मालक कच्छी पटेल, वयानें आमच्याच बरोबरीचे, आणि मराठी आमच्या शेजाऱ्यांइतकेंच सफाईनें बोलणारे. त्यांनीं ओंडक्याचीं दोन्ही तोंडें पाहिलीं, नखानें खरवडलीं आणि मान हलविली.

“गुरुजी, हें लांकूड पडल्याबरोबर आणायला हवं होतं. याला गाभा नाहीं. ओलं राहिलं कीं बुरशी आंत शिरते. हे बघा, निळं पडायला लागलंय.”

आम्ही त्यावर कांहींच बोललों नाहीं. मग त्यांनीं मोजणी केली. लांबी १० फूट, मधला वेढा ६४ इंच. वेढ्याचा चौथा हिस्सा १६ इंच. त्याचा वर्ग करून लांबीनें गुणलें, आणि माप सांगितलें सुमारें पावणेअठरा घनफूट. येथें आमच्यांतला गणिताचा शिक्षक जागा झाला. ओंडका वाटोळा, वाटोळ्याचें क्षेत्रफळ असें काढीत नाहींत! आम्ही खिशांतून कागद काढून तेथल्या तेथें हिशेब केला. घनफळ साडेबावीस घनफुटांहून थोडें अधिक आलें. पांच घनफूट लांकूड डोळ्यांदेखत नाहींसें होत आहे, असें आम्ही पुष्कळ लोकांसमक्ष ठणकावून सांगितलें.

पटेल रागावले नाहींत. ते म्हणाले, “हिशेब तुमचा बरोबर आहे, गुरुजी. पण मी लांकूड विकत घेत नाहीं, चिरून देतों. चिरणावळ मी पावणेअठरा घनफुटांचीच घेणार. चौकोनी फळ्या काढायच्या म्हणजे चारी बाजूंच्या पाठी जाणार, भुसा जाणार. तुमचं तें पांच घनफूट तिथं जातं. तें आम्ही आधींच सोडून देतों.”

म्हणजे ज्या मापाला आम्ही लबाडी म्हणत होतों, त्यानें आमचेच पैसे वांचत होते. आम्ही कागद मुकाट्यानें खिशांत घातला.

इतकें झाल्यावर तरी आम्हीं शहाणपण शिकावें कीं नाहीं? गाड्यावर ओंडका चढवितांना पटेलांनीं विचारलें, “यांत कुठं लोखंड आहे का? घराजवळच्या झाडांत खिळा हमखास असतो.” आम्ही छातीवर हात ठेवून सांगितलें, “झाड आमच्या डोळ्यांसमोर वाढलेलें आहे. एकहि खिळा नाहीं.” त्यांनीं आमच्या शब्दावर विश्वास ठेविला.

पहिली पाठ गेली. ओल्या लांकडाचा आंबूस वास सुटला आणि पिवळसर भुशाचा ढीग खालीं जमूं लागला. एक फळी निघाली, दुसरी निघाली. काळपट सालीच्या आंत इतकें स्वच्छ, फिकट लांकूड असेल असें आम्हांला कधींच वाटलें नव्हतें. पुढच्या फळीला एकदम कर्कश किंकाळीसारखा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, आणि पट्टी थांबली. तिचे कितीतरी दांत भुईसपाट झाले होते. कारागिरानें छिन्नीनें लांकूड उकलून आंतून एक जाड, चौकोनी डोक्याचा, गंजलेला खिळा काढला. सालीपासून तो चांगला पांच इंच आंत होता, आणि त्याच्या भोंवतीं लांकूड शाई सांडल्यासारखें काळें झालें होतें.

आम्ही नुकसान भरून देऊं लागलों. पटेलांनीं पट्टीला पुन्हां दांते पाडण्याची अर्धी मजुरी घेतली आणि अर्धी घेतली नाहीं. “धंद्यांत असं होतं,” एवढेंच ते म्हणाले. खिळा मात्र आम्ही मागून घेतला.

संध्याकाळीं घरीं येऊन तो खिळा आम्ही पुष्कळ वेळ उलटसुलट पाहत बसलों. शेवटीं उठलों, आणि दोन वर्षांनीं प्रथमच कुंपणाला वळसा घालून बंधूंच्या ओटीवर गेलों. कांहीं न बोलतां खिळा त्यांच्या पुढें ठेविला. त्यांनीं तो उचलला, उजेडाकडे धरला, आणि हंसूनच म्हणाले,

“अण्णा, हा आपल्या कंदिलाचा खिळा.”

तेव्हां सारें डोळ्यांपुढें उभें राहिलें. साल १९७०. आम्ही अकरा वर्षांचे, बंधु सात वर्षांचे. घरांत फार उकडे म्हणून वावळाखालीं घोंगडी टाकून दोघे अभ्यास करीत असूं, आणि कंदील टांगावयास म्हणून आम्हींच तो खिळा ठोकला होता. खिळा धरला होता बंधूंनीं. एक घाव चुकून त्यांच्या अंगठ्यावर बसला. अंगठा त्यांनीं पुढें केला. नख अजून किंचित् वांकडेंच होतें. ज्याचा हात चुकला तो विसरला, ज्याला लागलें तो विसरला नाहीं. आणि तरी इतक्या वर्षांत त्यांनीं तें कधीं बोलून दाखविलें नव्हतें.

झाड उंच वाढतें तें शेंड्याकडून. खोडांतला खिळा जेथल्या तेथेंच राहतो, आणि दरवर्षीं त्याच्यावर लांकडाचा एकेक थर चढत जातो. अठ्ठेचाळीस वर्षांत पांच इंच. वरून पाहणाराला कांहीं दिसत नाहीं.

“मला विचारलं असतंत, तर सांगितलं असतं,” बंधु म्हणाले.

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. विचारलें नव्हतें हें खरेंच होतें. आणि खिळ्याविषयींच केवळ नव्हे.

दुसऱ्या दिवशीं गिरणीवर दोघे मिळून गेलों. एकंदर अकरा फळ्या निघाल्या. सहा स्वच्छ होत्या. पांचांवर निळसर-करड्या रेघा पसरल्या होत्या. त्या आमच्या तीन आठवड्यांच्या अबोल्याच्या रेघा. आम्ही त्या टाकून देण्याची गोष्ट काढतांच पटेल म्हणाले, “रंग गेला, गुरुजी, ताकद नाहीं गेली.” पुढें वाचनांत आलें कीं, त्यांचें म्हणणें शास्त्रशुद्धच होतें. ही निळी बुरशी लांकडांतील पिष्ट व शर्करा यांवर जगते, तंतूंना सहसा धक्का लावीत नाहीं. खरा शत्रु म्हणजे लांकूड पोखरून पीठ करणारा किडा. त्यासाठीं त्यांच्या सांगण्यावरून फळ्या टाकणखार व बोरिक ॲसिड यांच्या पाण्यांत बुडवून काढल्या, तोंडांना शेण लावलें, आणि दोन फळ्यांमध्यें पट्ट्या घालून, वरून वजन ठेवून, बंधूंच्या पडवींत रचून ठेविल्या. तोंडें झांकलीं म्हणजे तिकडून पाणी झपाट्यानें उडत नाहीं व फळी तडकत नाहीं. मधून वारा खेळला म्हणजे ती सारखी वाळते. पावसाळा, हिंवाळा, उन्हाळा, असे तिन्ही ऋतु त्या तेथें होत्या, आणि त्यांच्या निमित्तानें आमचें जाणें-येणें होत राहिलें.

२०१९ च्या उन्हाळ्यांत सुतार आला. त्यानें पहिल्याच दिवशीं लांकडाला नांवें ठेविलीं. तंतू एकमेकांत गुंतलेले. रंधा एका दिशेनें चालविला कीं अर्धें गुळगुळीत होई आणि अर्धें उचकटे. शेवटीं रंधा ठेवून त्यानें पातळ पोलादी पात्यानें धीरानें खरवडून काम उरकलें. स्वच्छ फळ्यांचे जेवावयास बसण्याचे पाट केले, आणि निळ्या रेघांच्या फळ्यांचीं आमच्या पुस्तकांसाठीं फडताळें. खिळ्याचा काळा डाग असलेली फळी काय करावी, याचा विचार चालला असतां बंधु म्हणाले, “तिचाहि पाट करा.”

त्या वर्षीं पितृपक्षांत तीर्थरूपांचें श्राद्ध पुन्हां एकाच घरीं झालें. दोन्ही घरांचीं माणसें वावळाच्या पाटांवर एका पंक्तीला बसलीं. चुली आजहि दोन आहेत, आणि त्या तशाच राहतील; वांटलेलें पुन्हां एक होतेंच असें नाहीं, आणि झालेंच पाहिजे असाहि आमचा आग्रह नाहीं. कुंपणाची तार मात्र वावळ पडला तेव्हां जेथें तुटली होती, तेथें ती पुन्हां कोणीं जोडली नाहीं.

डागाचा पाट कोणाचा, यावरून दरवर्षीं मुलांत ओढाताण होते. आम्ही वडीलपणाचा अधिकार चालवून तो आमच्याकडे घेतों. जेवतांना शेजारीं बंधु असतात.