पडद्यामागचा अँप्लिफायर

आमचे नाना आपल्याच शाळेत बरीच वर्षे विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर गाणे ऐकणे हाच त्यांचा मोठा विरंगुळा. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा सुरू असला की घरात कोणी भांडी वाजवायची नाहीत, असा नियमच होता. पण दोन वर्षांपूर्वी नाना गाणे लावायला सांगेनासे झाले. आम्ही भाऊ सकाळी कामावर निघताना त्यांच्यासाठी यंत्र सुरू करून जात असू. थोड्याच वेळात ते उठून बंद करत. विचारले तर म्हणत, "आवाज येतो रे, गाणं येत नाही." कान तपासून घेतले. वयाच्या मानाने ठीक होते. मग आम्ही सगळा दोष यंत्राला दिला.

यंत्र म्हणजे १०० वॅटचा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर आणि दोन जडशीळ स्पीकर. स्पीकर मोठे खादाड. १ वॅट दिला तर १ मीटर अंतरावर ८४ डेसिबल आवाज देणारे. म्हणजे ९० डेसिबलच्या स्पीकरला लागते त्याच्या चौपट शक्ती यांना हवी. शिवाय ते ४ ओहमचे, त्यामुळे विद्युतप्रवाहही जास्त ओढणारे. राजवाड्यामागच्या एका जुन्या रेडिओ-मिस्त्रींनी सुचवले, "व्हॉल्व्हचा अँप्लिफायर लावून बघा." तो होता ४० वॅटचा. एवढ्याने काय होणार, असे आम्हाला वाटले. नानांनी कागद घेऊन हिशेब मांडला : १०० वॅटवरून ४० वर आलो तरी आवाज फक्त ४ डेसिबलने कमी होतो. डेसिबलचे माप पटीने चालते, हे आम्ही शाळेत शिकूनही विसरलो होतो.

पहिला व्हॉल्व्ह फ्लेमिंग यांनी १९०४ साली बनवला. ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या भागातून निघालेले इलेक्ट्रॉन काचेच्या नळीतील निर्वात जागेतून धावतात. तिथे व्होल्टेज शेकड्यांत, पण प्रवाह थोडा. स्पीकरला हवे नेमके उलटे. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवतात. आमच्या नव्या यंत्रात ईएल३४ जातीचे चार व्हॉल्व्ह आहेत. ते नुसते तापवायलाच सुमारे ३८ वॅट वीज लागते. (मुलांनो, असे यंत्र कधीही उघडू नका. बंद केल्यावरही आत जोराचा धक्का देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.)

पहिल्या दिवशी आम्ही तारा चुकून ८ ओहमच्या जागी जोडल्या. आवाज घुसमटलेला आला आणि पैसे वाया गेले असे वाटले. दुसऱ्या दिवशी चूक कळली, ४ ओहमच्या जागी तारा लावल्या आणि गाणे खुलले. नाना खुर्ची ओढून बसले. त्या रात्री त्यांनी मारवा शेवटपर्यंत ऐकला. मग हे रोजचेच झाले. आम्ही भेटेल त्याला व्हॉल्व्हचे गुण सांगत सुटलो.

महिनाभराने नानांमधला शिक्षक जागा झाला. "गुण सांगता ते सिद्ध करा," ते म्हणाले. दोन्ही यंत्रे पडद्यामागे ठेवली. व्होल्टमीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला. एक भाऊ पडद्यामागे नाणे उडवून यंत्र निवडणार, नाना ओळखणार. गायनाच्या वेळी दहापैकी सहा उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीने साधारण तेवढीच येतात! तबल्याच्या वेळी दहापैकी नऊ बरोबर आली, पण कारण आमच्या विरुद्ध निघाले : व्हॉल्व्हवर बायाँ किंचित सैल वाजत होता. स्पीकरच्या पडद्याची हालचाल आवरण्यात जुने यंत्रच सरस होते.

आमचे चेहरे उतरले. मग महिनाभर नाना रोज ऐकत बसले ते कशामुळे? आम्ही विचारले, "नाना, जुनं यंत्र परत लावू का?"

"नको," ते म्हणाले. "ते लावलंत की तुम्ही निघून जाता."

खरेच होते. व्हॉल्व्हचे यंत्र तापायला वेळ लागतो, आणि ते सुरू ठेवून घराबाहेर जायची आम्हाला भीती वाटते. म्हणून ते रात्री जेवणानंतरच लागते आणि आम्ही दोघे तिथेच बसून राहतो. कोणती जागा चांगली, खाँसाहेब कुठे थांबले, हे नाना सांगत राहतात. आई गेल्यापासून त्यांना हे सांगायला कोणी उरले नव्हते. आम्ही कान तपासले, वॅट मोजले. एवढे मात्र ध्यानात आले नाही.

प्रयोगाची वही नानांनी जपून ठेवली आहे. त्यात निष्कर्षाच्या रकान्यात त्यांनी लिहिले आहे : "गायनात फरक आढळला नाही. तबल्यात जुने यंत्र सरस. नवे यंत्र ठेवावे."