चाकूचें वजन

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी सुमारें ५० किलोमीटरांवर नीरा ओलांडून शिरवळास येतो. नदीकांठीं सुभानमंगळ या भुईकोटाचे मातींत मिसळलेले अवशेष आहेत. इ. स. १६४८ सालीं फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळीं शिवाजीमहाराजांच्या माणसांनीं हा कोट आदिलशाही फौजेकडून जिंकून घेतला. येथें आलेला पाहुणा साहजिकच तलवारींच्या गोष्टी करूं लागतो. आम्हांस मात्र येथें आठवते ती तलवारीची अगदीं धाकटी भावंडें, म्हणजे खिशांतले चाकू. कोट तलवारीनें घेतां येतो. पण मुलखाचा वसूल आणि वतनांचा हिशेब कागदावर उतरतो तो बोरूनें, आणि चाकूवांचून बोरूस तोंड फुटत नाहीं.

या चाकूस फारशींत कलमतराश म्हणत. आमच्या घरच्या कलमदानांतला असा चाकू जेमतेम दोन तोळे, म्हणजे सुमारें २३ ग्रॅम भरतो. पातें आंखूड, मूठ शिंगाची. हातांत घेतला तर आहे कीं नाहीं असें वाटावें! परंतु त्याचें कामच तसें आहे. बोरू आधीं उतरता तासावयाचा, मग टोंकास बारीक चीर पाडावयाची आणि शेवटीं एका दाबांत तिरपा कत मारावयाचा. चाकू जड असेल तर चीर वाजवीपेक्षां लांब जाते आणि बोरू फुकट जातो.

पानाच्या तबकांतल्या अडकित्त्याचा न्याय याच्या उलट. आमचा पितळी दांड्यांचा अडकित्ता वीस तोळ्यांचा आहे. सुपारीवर हाताचा जोर त्याच्या दांड्यांच्या तरफेनें वाढतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अडकित्त्यांचे नाना नमुने पाहावयास मिळतात. उत्तर प्रदेशांतील रामपूरचा चाकू धाक घालण्यासाठींच प्रसिद्धीस आला. त्याचें पातें लांब, म्हणून मूठही भरीव. स्वित्झर्लंडांत १८९७ सालीं निघालेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूचें वजन त्याच्या पोटांतील अवजारांचें: लहानमोठीं पातीं, बूच काढण्याचें मळसूत्र इत्यादि.

चाकू पारखावयाचा तर तो उघडून, पातें आणि मूठ जेथें जुळतात तेथें बोटावर तोलावा. तेथें तो स्थिर राहिला कीं हात लवकर शिणत नाहीं. भार किती यापेक्षां तो कोठें आहे, याला महत्त्व अधिक.

मोडंतील शिंग-लोखंडाचे असे तुकडे आज घरोघरच्या फडताळांतून निघतात आणि भंगारवाल्याच्या कांट्यावर दोन तोळ्यांची किंमत ती काय होणार? तिकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल वाचकांची वाट पाहत आहेत. ज्यांच्या घरीं असें कलमदान असेल त्यांनीं तें विकण्यापूर्वीं एक बोरू आणावा, मुलांजवळ बसून त्या चाकूनें तो तासून दाखवावा आणि पहिलें अक्षर त्यांच्याकडून मोडींत काढवून घ्यावें. पणजोबांचा हात कसा चालत असे, हें कोणत्याही वर्णनापेक्षां तो हलका चाकूच त्यांस अधिक चांगलें सांगेल.