लोणारचें गुलाबी पाणी

२०२० च्या जून महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, हें वृत्त वाचकांच्या स्मरणांत असेलच. आमच्या महाल भागांतील भाविकांस त्यांत लवणासुराचें रक्त दिसलें. विष्णूनें ज्या दैत्यास मारिलें त्याचेंच तें स्थान, आणि गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ त्याची साक्ष! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें या प्रकाराची दखल घेतली. येथील नीरी संस्थेप्रमाणें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेंहि पाण्याचे नमुने तपासले. आघारकर संस्थेचा निर्णय असा कीं, पाणी आटून क्षार वाढला, त्यामुळें लवणप्रिय आर्किया नांवाचे सूक्ष्म जीव अपरंपार माजले, आणि रंग त्यांचा. पुढें पाऊस पडला, जीव तळाशीं बसले, रंग गेला.

वर्तमानपत्रांचें काम येथें संपलें. आमचें कुतूहल येथूनच सुरू झालें. कारण हा रंग त्या जीवाच्या पोटांत नसतो. त्याच्या अंगाभोंवतीं जें पातळ पटल असतें त्यांत तो मुरलेला असतो व त्या पटलास बळकटी देतो. लोक सरोवराच्या कांठीं उभे राहून जो पाहत होते, तो कुंपणांचा रंग होता.

प्रत्येक जिवंत पेशीस असें कुंपण असतें. तें इतकें पातळ कीं, सुमारें दोन लाख पटलें एकावर एक रचावीं तेव्हां एक मिलिमीटर जाडी भरावी. हॉलंडांतील लायडेन येथें १९२५ साली गोर्टर व ग्रेंडेल यांनीं रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर पसरलें. त्यानें व्यापिलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. अर्थात् पटल दुपदरी असलें पाहिजे. पुढें असें आढळलें कीं, त्यांच्या हिशोबांत दोन चुका होत्या व त्या एकमेकींस खाऊन गेल्या. उत्तर मात्र बरोबर! असा विद्यार्थी आमच्या वर्गांत असता तर रीत चुकली म्हणून आम्हीं त्यास अर्धेच गुण दिले असते.

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें; म्हणून हा विषय निघाला कीं स्नेही मोठ्या आशेनें विचारतात, ‘हें सारें आपल्या ग्रंथांत असेलच ना?’ सुश्रुतानें शारीरस्थानांत सात कला सांगितल्या आहेत, आणि धातु व आशय यांमधील मर्यादा असाच त्यांचा अर्थ आहे, हें खरें. परंतु सुश्रुत हा प्रेत पाण्यांत कुजवून एकेक थर डोळ्यांनीं पाहावयास सांगणारा वैद्य होता. त्याचा मान त्यानें जें पाहिलें त्याबद्दल आहे. जें त्यानें पाहिलें नाहीं तें त्याच्या पदरीं बांधणें हा आमच्या मतें त्याचा अपमान होय. या मतामुळें दोनतीन घरीं आमचें जाणें कमी झालें आहे, त्यास इलाज नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. आरंभीं, जेव्हां कुंपण घालणारा कोणी जीवच नव्हता, तेव्हां पहिलें कुंपण घातलें कोणीं? उत्तर न्हाणीघरांत आहे. साबण ज्या मेदाम्लांचा होतो त्यांच्या कणाचें एक टोंक पाण्यास धार्जिणें, दुसरें पाण्यास विटणारें. असे पुष्कळ कण पाण्यांत पडले कीं विटणारीं टोंकें आंत दडवून ते आपोआप दुपदरी होतात, आणि तो पदर वळून त्याची पिशवी बनते. २८ सप्टेंबर १९६९ रोजीं ऑस्ट्रेलियांत मर्चिसन येथें उल्कापाषाण पडला. त्यांतून काढलेल्या द्रव्याच्या अशाच पिशव्या होतात, हें अमेरिकेच्या डेव्हिड डीमर यांनीं १९८५ साली दाखविलें. म्हणजे कच्चा माल पृथ्वीबाहेरहि होता.

परंतु खारट विहिरीच्या पाण्यानें कपडे धुणाऱ्या प्रत्येक गृहिणीस येथील अडचण ठाऊक आहे. जड पाण्यांत साबणाला फेस येत नाहीं, चोथा होतो. पाण्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार या पिशव्यांचीहि तीच गत करितात. मग जीव समुद्रांत कसा जन्मला? पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत डॉ. सुधा राजामणी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लडाखमधील उष्ण झऱ्यांचें पाणी आणून त्यांत असल्या पिशव्या होतात कीं काय हें पाहिलें, आणि २०१७ साली तें प्रसिद्ध केलें. डबकें सुकावें, पुन्हां भिजावें, अशा फेऱ्यांतून पिशव्या टिकतात कीं काय, हाहि त्यांचा शोध. उलट पक्षीं लंडनच्या संशोधकांनीं २०१९ साली दाखविलें कीं, एकाच जातीचीं नव्हे तर अनेक जातींचीं द्रव्यें मिसळलीं तर खारट, ऊन पाण्यांतहि पिशव्या तगतात. वाद चालू आहे. आमचा कल डबक्याकडे आहे.

लोणारचा जीव या वादांत आणखी एक गांठ मारतो. आपलीं व साध्या जंतूंचीं पटलें मेदाम्लांचीं. मेदाम्ल व ग्लिसरीन यांचा सांधा खारानें उकलतो, साबण होतो तो असाच. (लोणार भागांत साबणाचे व कांचेचे जिन्नस मिळतात अशी नोंद ऐन-इ-अकबरींतहि आहे.) आर्कियांच्या पटलांतील सांधा निराळा, तो खारास दाद देत नाहीं. त्यांचें ग्लिसरीन तर आपल्या पटलांतील ग्लिसरीनचें आरशांतलें प्रतिबिंब. एक वामावर्त शंख, तर दुसरा दक्षिणावर्त. अनुवंशाची लिपि मात्र दोघांची एकच. मूळ पुरुष एक आणि कुंपणें दोन, हें कसें? मिश्र पटल टिकत नाहीं म्हणून घराणीं फुटलीं, असें पुष्कळांस वाटे. पण २०१८ साली हॉलंडांत ग्रोनिंगेन येथें एका जंतूच्या पटलांत दोन्ही प्रकार मिसळून पाहिले, तो खुशाल जगला.

शिवाय आर्क्टिक महासागराच्या तळच्या गाळांत २०१५ साली लोकी नांवाचा आर्कियांचा वर्ग सांपडला, आणि मनुष्य, आंबा, गाय या सर्वांच्या पेशींचा तोच जवळचा आप्त ठरला. त्यावरून असें दिसतें कीं, आपलें मूळ घर लोणारच्या गुलाबी जीवाच्या कुळांतलें, आणि कुंपण तेवढें केव्हां तरी दुसऱ्या कुळाचें झालें आहे.