जरीपटक्यातील गोधडी

गोधडी म्हणजे वापरून मऊ झालेल्या सुती कपड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. जाडीप्रमाणे आणि प्रांताप्रमाणे तिची नावे बदलतात. चार घड्यांची ती चौघडी, तान्ह्या बाळाचे ते दुपटे, जाडजूड आणि ठिगळांची ती वाकळ. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तिथे वाकळीची ‘वाकय’ होते. रजई वेगळी. रजईत पिंजलेला कापूस भरावा लागतो, त्यासाठी पिंजारी लागतो आणि पैसे मोजावे लागतात. गोधडीला फक्त जुने लुगडे, सुई-दोरा आणि मोकळी दुपार लागते.

नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका या वस्तीत गोधडी दोन घराण्यांची आहे. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेली हिंदू कुटुंबे कुणी कराचीहून बोटीने, कुणी मारवाडच्या वाटेने रेल्वेने भारतात आली. त्यांतील काही नागपुरात स्थिरावली आणि जरीपटका ही शहरातील मोठी सिंधी वस्ती झाली. शेजारी इंदोऱ्यासारखा जुना मराठी, मुख्यतः बौद्ध मोहल्ला आहे. सिंधी घरांतून रल्ली, म्हणजे सिंधी गोधडी, आली, मराठी घरांत गोधडी होतीच. वस्तीचे नावही कापडाचेच आहे. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. ते मिरवायचे, तर गोधडी पांघरायची. निशाणाला नवी जर लागते, गोधडीला नवे कापड चालत नाही. नव्या कापडात खळ असते, ते अंगाला टोचते. दहा वर्षे धुतलेले लुगडे मात्र अंगावर पडले की जाणवतही नाही.

गोधडीचे माप ठरते साडीवरून. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते. त्याची लांबीत चार पदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर तयार होतात. एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकला जाईल एवढे. सहावारीची तीन पदरी घडी पावणेदोन मीटरच्या आसपास येते, म्हणून उंच माणसाचे पाय बाहेर राहतात आणि खाली एक पट्टी जोडावी लागते. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात सुती कापडाला तोटा नव्हता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरातच सुरू झाली, आणि हातमागावर विणलेली काठाची लुगडी घरोघर होती. काठ घट्ट विणीचे असल्यामुळे शेवटपर्यंत टिकतात. म्हणून मधला भाग विरला तरी काठ कापून ठेवतात आणि गोधडीच्या चारी कडांना लावतात, कारण पांघरूण ओढताना हात कडेवरच पडतो.

शिवणारीचा दिवस गोधडीने सुरू होत नाही. सकाळी पाणी भरणे, डबे, शाळेची घाई. बाहेर चौकात दाल-पकवानच्या गाड्यांभोवती गर्दी. जेवणानंतरची भांडी आवरली की खोलीतली खाट बाजूला होते आणि फरशीवर लुगडे पसरले जाते. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, तांब्या, जे हाताला येईल ते वजन ठेवतात. आतल्या थरात शर्टाच्या पाठी, उशांचे अभ्रे, शिंप्याकडून आणलेले कातरण असे सगळे बसते. मात्र शिवणीचे जाड भाग आणि बटणे काढून टाकतात. राहिली तर सुई मोडते आणि झोपणाऱ्याला रुततात. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर एकत्र धरतात.

खरी शिवण कडेने सुरू होते. एका कोपऱ्यातून निघालेला दोरा चारी बाजूंनी फिरून परत येतो, मग त्याच्या आत दुसरा फेरा, त्याच्या आत तिसरा. असे आत आत जात शेवटचा टाका बरोबर मध्यभागी पडतो. फेऱ्यांत अर्धा इंच अंतर ठेवले, तर साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडीत सुमारे १९० मीटर शिवण होते. डावा हात कापडाखाली असतो. सुईचे टोक खाली लागले की ते बोट तिला परत वर ढकलते, म्हणून त्या बोटाची कातडी निबर होते. अंगुस्तान उजव्या हातात. शेजारीण येऊन समोरच्या कडेला बसली तर काम निम्म्या वेळात होते. पण दोघींचे टाके सारखे येत नाहीत. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा, आणि पुढे कित्येक वर्षे गोधडीची कोणती बाजू कुणाची हे ओळखू येते.

रल्लीची रीत थोडी निराळी. सिंधीत ‘रलणे’ म्हणजे मिसळणे, एकत्र येणे. त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. तिचा वरचा थर चौकोन-त्रिकोणांचे तुकडे जोडून किंवा कापड दुमडून, नक्षी कातरून, दुसऱ्या कापडावर चढवून केलेला असतो. लाल, काळा, पांढरा, पिवळा हे तिचे नेहमीचे रंग. शिवण फेऱ्यांनी आत न जाता लांबीला समांतर सरळ ओळींत धावते. मुलीच्या लग्नात रल्ली द्यायची सिंधमधील चाल होती. दोन्ही भाषांचे शहाणपणही अंथरूण-पांघरुणातूनच आले आहे. मराठीत अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. सिंधीतही रजईच्या मानाने पाय लांबवण्याची म्हण आहे. सिंधी अदी आणि मराठी ताई एकमेकींशी नागपुरी हिंदीत बोलतात, पण टाका दाखवायचा असेल तर भाषा लागत नाही.

नागपूरच्या हवेत गोधडी बाराही महिने हाताशी लागते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. अशा रात्री दोन गोधड्या एकावर एक घ्याव्या लागतात. मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा खिडकीत कूलर घरघरत असतो आणि पहाटे त्याची ओली हवा बोचू लागली की पायाशी ठेवलेली पातळ गोधडी झोपेतच वर ओढली जाते. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या गोधड्या निघतात. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून उलट्या दिशांनी पिळतात. मग दिवसभर गच्च्यांचे कठडे रंगीत होतात.

सणांची आठवण गोधडीत कापडाच्या रूपाने राहते. भाऊबीजेला भावाने दिलेली साडी, संक्रांतीची काळी चंद्रकळा, बारशाचे झबले, शाळेचा पहिला गणवेश. जरीपटक्यात गुढीपाडव्याच्या सुमारास चेटीचंड येतो, झुलेलालांची मिरवणूक निघते, आणि त्या दिवसाचे नवे कपडे काही वर्षांनी रल्लीच्या चौकोनांत दिसू लागतात. इंदोऱ्याकडच्या गोधडीत पांढऱ्या पट्ट्या अधिक असल्या तर त्याचे कारणही सणात सापडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हा लोक पांढरी वस्त्रे नेसून आले होते, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसण्याची रीत पुढेही चालू राहिली. फोटो अल्बममध्ये जातो आणि वर्षातून एकदा निघतो. साडीचा तुकडा रोज रात्री अंगावर येतो.

प्रवासात गोधडीची जागा वळकटीत. रामटेकची त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा, शेगाव, आषाढीला धापेवाडा, श्रावणात सातपुड्यातली पचमढीची नागद्वार यात्रा या वाटांवर बायका मैत्रिणींच्या गटाने जातात. धर्मशाळेच्या फरशीवर एक गोधडी खाली आणि एक वर. दोघींत एक पुरते. सिंधी घरांची ये-जा उल्हासनगरच्या नातेवाइकांकडे असते. परतताना पिशवीतून कापड येते: पुरीला गेलेल्या बायका पिपलीचे कातरकाम आणतात, कच्छला गेलेल्या अजरखाचा तुकडा. अजरख हा सिंध आणि कच्छ दोन्हींचा. निळ्या-तांबड्या रंगांतला तो ठसा सिंधी आजीला न सांगता ओळखू येतो. असे तुकडे नवे असतात, म्हणून लगेच शिवत नाहीत. आधी ओढणी किंवा उशीचा अभ्रा म्हणून वापरून मऊ करतात.

गोधडीला विदर्भात हलके मानले गेले ते गरिबीमुळे. तरीही याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अंगावरच्या चिंध्यांमुळे गोधडेबुवा म्हणून ओळखले गेले आणि तेच नाव आदराचे झाले. आज अडचण वेगळी आहे. रोजच्या वापरात कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि सुईखालून सरकतात. यंत्रावर शिवलेल्या, तुकड्यांची नक्षी छापलेल्या रजया दुकानांत मिळतात आणि रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात पांघरूण मिळते, म्हणून वळकटी बांधण्याची गरज उरलेली नाही. हाताने शिवलेली गोधडी आता बहुधा नातवंडांसाठी दुपटे म्हणून होते.

जुनी गोधडी मात्र टाकली जात नाही. वरचे कापड विरले की तिच्यावर दुसरे लुगडे चढवून पुन्हा टाके घालतात, आणि पहिली गोधडी दुसरीच्या पोटात जाते. एखादी जड वाकळ उसवून पाहिली तर आत आईची गोधडी निघते, आणि तिच्याही आत आजीची.