पोटातले पोटात

आमच्या वसईकडील घरांत रात्रीच्या जेवणाला एक वेगळे स्थान आहे. दिवसभर कोणी लोकलच्या गर्दीत, कोणी वाडीत, कोणी शाळेत. सगळ्यांनी एकत्र बसण्याची वेळ ती एवढीच. सांजेची घंटा होते, प्रार्थना होते, पाने मांडली जातात. या जेवणाविषयी आम्हां उभयतांना नेहमीच अभिमान वाटत असे. याच जेवणाने आमच्या धाकट्या कन्येला आजारी पाडले, हे कबूल करायला आम्हांला पुरे एक वर्ष लागले. संकोच आजही वाटतो. परंतु आमच्यासारखी आणखीही घरे असतील, या विचाराने हे लिहीत आहोत.

२०२२ सालच्या जून महिन्यात ती दहावीत गेली. करोनाच्या दोन वर्षांनंतर शाळा पूर्ववत सुरू झाली होती. पंधरवडाही लोटला नसेल, तोच रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. बेंबीच्या आसपास कळ येई, दोन-तीनदा शौचाला जावे लागे, चहासुद्धा नको वाटे. आजीने ओवा भाजून दिला, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. चार दिवस बरे जात, पुन्हा तेच. रविवारी मिस्साला जाताना मात्र पोट ठणठणीत! आमच्या मनात संशयाची पाल चुकचुकली ती तेथे.

रक्त तपासले, शौच तपासले, सोनोग्राफी झाली. सगळे अहवाल निर्दोष आले. त्या क्षणी आम्ही देवाचे आभार मानले आणि दुसऱ्याच क्षणी आम्हांला राग आला. घरी परतताना रिक्षातच आम्ही तिला म्हणालो, ‘‘आता नाटके पुरे झाली. अभ्यासाला लाग.’’

ती खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणाली, ‘‘पप्पा, खरंच दुखतं.’’

त्यानंतर तिने दुखण्याबद्दल बोलणेच सोडून दिले. आम्हांला वाटले, पोर सुधारली. वस्तुतः ती पोटातले पोटात ठेवायला शिकली होती. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिचे गाल बसले, तेव्हा घाबरून आम्ही तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेले. या वेळी त्यांनी तिला बाहेर बसवले आणि आम्हां दोघांना विचारले, ‘‘तुमच्या घरी जेवताना काय बोलणे होते?’’

आम्ही गप्प झालो. कारण त्या वर्षी आमच्या पानाशेजारी रोज वाढल्या जाणाऱ्या गोष्टी दोनच होत्या. एक म्हणजे तिचे गुण. दुसरी म्हणजे वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीचा खटला. थोरल्या बंधूंशी आमचे बोलणे बंद होते. वकिलांचे निरोप, मोजणीच्या तारखा, कोणी कोणाला काय म्हटले, हे सगळे आम्ही भाताच्या घासाबरोबर चघळत होतो. ज्या काकांच्या खांद्यावर बसून तिने सणाच्या जत्रा पाहिल्या होत्या, त्यांच्याविषयी ती रोज रात्री काय ऐकत होती!

डॉक्टरांनी मग जे समजावले, ते आम्हांला नवे होते. आपल्या शरीरात स्वायत्त मज्जासंस्था नावाची एक व्यवस्था आहे. हृदयाची धडधड, श्वास, घाम, पचन ही कामे ती आपल्या हुकुमाची वाट न पाहता चालवते. तिच्या दोन बाजू आहेत. संकट दिसले की अनुकंपी बाजू पुढे होते : हृदय जोरात धावते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, तोंडाला कोरड पडते, जठराचे काम मंदावते. मोठे आतडे मात्र घाई करू लागते. परीक्षेच्या सकाळी शौचाला पळावे लागते ते यामुळेच. संकट टळले की परानुकंपी बाजू काम हाती घेते आणि पचन पुन्हा रुळावर येते. या दुसऱ्या बाजूची मुख्य वाहिनी म्हणजे व्हेगस नावाची मज्जा. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘भटकणारी’ असा आहे. मेंदूच्या बुडापासून निघून, मान व छाती ओलांडून ती पोटापर्यंत जाते. नवल असे, की वरून खाली आज्ञा नेणाऱ्या तंतूंपेक्षा खालून वर निरोप नेणारे तंतू तिच्यात कितीतरी अधिक आहेत. शिवाय आतड्यांच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे स्वतःचे जाळे आहे. म्हणजे मन पोटाला बिघडवते, तसेच पोटही मनाला बेचैन करते.

संकट वाघाचे असो वा टोमण्याचे, ही व्यवस्था त्यांत फारसा भेद करीत नाही. वाघ निघून जातो; टोमणा मात्र रोज रात्री साडेआठला येतो. मग शरीराला सावधपणाचीच सवय जडते आणि आतड्यांच्या मज्जा इतक्या हळव्या होतात, की साध्या वायूचीही कळ जाणवते. दुखणे खरे असते. पण सोनोग्राफीत दिसावी अशी जखम तेथे नसते.

पुढे आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडाच्या तरुण मजुराला चुकून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला; परंतु पोटाची जखम पूर्ण बुजली नाही आणि जठरात पाहता येईल असे एक छिद्र कायमचे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यवैद्याने त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्न आत सोडून पचनाचा अभ्यास केला आणि १८३३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सेंट मार्टिन रागावलेला किंवा भ्यालेला असला, की जठराच्या अस्तराचा रंग पालटे आणि पचन बिघडे, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. त्याच शतकाच्या अखेरीस वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांचे जठर पाहिले. मांजर अस्वस्थ झाले की जठराची हालचाल थांबे. शांत झाले की पुन्हा सुरू होई.

आम्ही त्या मांजरांचा विचार करीत राहिलो. आमच्या मुलीला शांत होण्याची उसंत आम्ही दिलीच कोठे होती?

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. पोटाचे प्रत्येक दुखणे काळजीमुळे असते, असे मुळीच नाही. जठरातील व्रण चिंतेमुळे होतात, अशी डॉक्टरांचीही दीर्घकाळ समजूत होती. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी बहुतेक व्रणांमागे एक जिवाणू असल्याचे दाखवून दिले आणि २००५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा वजन घटत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, ताप किंवा उलट्या थांबत नसतील, दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, तर आधी वैद्यकीय तपासणीच हवी. आमच्या मुलीचेही वजन उतरल्याचे पाहून डॉक्टरांनी काही तपासण्या पुन्हा करून घेतल्या, मगच निदान केले.

औषधे त्यांनी थोडीच दिली. एका समुपदेशक बाईंकडे तिला काही आठवडे पाठवले. घरासाठी मात्र एकच पथ्य सांगितले : जेवताना खटला नाही आणि गुणही नाहीत. हे पथ्य तिच्यापेक्षा आम्हांलाच जड गेले. पहिले काही दिवस जेवणात नुसती शांतता असे, कारण त्या दोन विषयांवाचून एकमेकांशी काय बोलावे, हेच आम्ही विसरलो होतो! मग आजीने आपल्या लहानपणीच्या विहिरीच्या, रहाटाच्या, लग्नातल्या फजितीच्या गोष्टी सुरू केल्या. एके रात्री पोरगी खळखळून हसली आणि तिने स्वतःहून पुन्हा भात मागितला.

आणखी एक बदल केला. जेवणानंतर पेंगत, घाईघाईने उरकली जाणारी रोझरी आम्ही जेवणाआधी, सावकाश म्हणू लागलो. पुढे वाचनात आले, की २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लुचियानो बर्नार्दी व सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तेवीस निरोगी व्यक्तींना लॅटिनमधून ‘नमो मारिया’ म्हणायला लावले, तसाच एक मंत्रही जपायला लावला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदय व रक्तदाब यांची आपसांतील लय सुधारली. तो अभ्यास हृदयाचा होता, पोटाचा नव्हे; आणि प्रार्थना ही काही गोळी नव्हे. तरीही सावकाश म्हटलेली प्रार्थना शरीरालाही विसावा देते, हे वाचून आम्हांला आमच्या आजी-पणजींची आठवण आली.

मुलगी एका रात्रीत बरी झाली नाही. जानेवारीत दुखणे कमी झाले, परीक्षेच्या आधी पुन्हा उसळले, नंतर ओसरले. आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘‘पप्पा, तुम्ही विश्वास ठेवलात ना, तेव्हापासून निम्मं दुखणं गेलं.’’ या वाक्याने आमच्या पोटात जे तुटले, ते कोणत्या अहवालात दिसणार?

आपली मराठी हे सारे पूर्वीपासून जाणून आहे. आपल्या पोटात भीतीने गोळा येतो, काळजीने कालवते, मायेने आतडे तुटते. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेतही तसेच आहे. परतलेल्या उधळ्या पुत्राला दुरून पाहून पित्याला कळवळा आला, तेथे योजलेले क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. वैद्यकात पोटाकडे जाणाऱ्या अनुकंपी मज्जांना ‘स्प्लँक्निक’ म्हणतात. तो शब्दही त्याच मुळाचा. ज्या ठिकाणी भय उतरते, त्याच ठिकाणी करुणाही उपजते.

हे कळल्यावर थोरल्या बंधूंचा विचार टाळणे कठीण झाले. त्यांनाही गेली कित्येक वर्षे आम्लपित्ताचा त्रास आहे, हे आम्ही जाणून होतो. त्यामागे आमचाही वाटा असेल, हे मनात आले नव्हते. २०२३ च्या नाताळात आम्ही त्यांना जेवायला बोलावले. ते आले. थोडेच जेवले, फारसे बोललेही नाहीत. खटला अद्याप चालू आहे. मात्र निघताना त्यांनी पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, ‘‘पोट बरं आहे ना गं आता?’’

मुलगी आता महाविद्यालयात जाते. परीक्षेच्या सकाळी कधीतरी अजूनही तिच्या पोटात दुखते. ती तसे सांगते, आणि आम्ही तिच्याजवळ बसतो.