जुनें नांव

प्रेमांत विश्वासघात झाला म्हणजे माणूस मोठें शहर जवळ करतो. तेथें कोणी ओळखीचें नसतें, एवढेंच त्याला पुरे वाटतें. ज्या मित्राच्या हातीं आम्ही पत्रें धाडीत असूं, त्याच्याशींच तिनें लग्न केलें, आणि १९९५ सालीं आम्ही मुंबईस आलों. गांवांत जो तो कीव करी. गिरगांवच्या चाळींत शेजाऱ्यांनीं विचारलें तें एवढेंच, कीं पहांटे नळाला पाणी आलें म्हणजे हांक मारूं काय? त्या प्रश्नानें आम्हांला केवढा विसांवा दिला! तरी रात्रीं तें जुनें नांव ओठांवर येई, आणि आपण मुळीं सुटलोंच नाहीं असें वाटे.

१९९६ सालीं व्हिक्टोरिया टर्मिनसचें नांव बदललें. पाट्या नव्या लागल्या. पण लोकांच्या तोंडीं 'व्ही. टी.' तें व्ही. टी.च राहिलें, आणि त्यापायीं एकही गाडी अडली नाहीं. हें पाहून आम्हांला धीर आला. आधीं विसरूं, मग नव्यानें जगूं, असें म्हणणाऱ्याचें जगणें सुरूच होत नाहीं. तें नांव आजही क्वचित् मनांत येतें. येवो बापडें! आम्हांला सकाळचा तास गांठावयाचा असतो.