सात नंबर म्हणजे नक्की किती?

आधी एक खुलासा करून टाकतो. या लेखात 'क्लब' म्हणजे जिथे बसून पत्ते कुटतात तो नव्हे. गोल्फमध्ये ज्या दांड्याने चेंडू मारतात त्यालाच क्लब म्हणतात. आणि हो, मी गोल्फ खेळतो. हिंजवडीत पाच दिवस कोड लिहून, फ्लॅटचा हप्ता भरून, रविवारी पहाटे साडेपाचला उठून खेळतो. मेंबरशिप वगैरे आपल्या आवाक्यातली गोष्ट नाही. रेंजवर बादलीभर चेंडू विकत घ्यायचे आणि बडवायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादा मेंबर मित्र पाहुणा म्हणून घेऊन गेला तर १८ होल खेळायचे, असा सगळा मामला.

तर झालं असं की ऑफिसमधला एक जण कॅनडाला निघाला आणि जाताना त्याचा आयर्नचा सेट मला स्वस्तात देऊन गेला. ४ नंबरपासून ९ नंबरपर्यंत सहा आयर्न, एक पिचिंग वेज आणि ५६ अंशाचा एक सँड वेज. ड्रायव्हर आणि पटर माझ्याकडे होतेच. आता प्रश्न असा, की यात भर काय घालायची आणि कमी काय करायचं?

नियमाप्रमाणे एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायचे. बॅग उचलणाऱ्या कॅडीची काय अवस्था होत असेल बघा! प्रत्येक शॉटला वेगळं हत्यार. मर्यादा आल्यावर मात्र विचार करणं भाग पडलं. मेमरी अनलिमिटेड असली की कोणी कोड नीट लिहीत नाही, तसंच काहीसं.

क्लब निवडताना सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे लॉफ्ट. क्लबचं तोंड मागे किती कललेलं आहे तो कोन. कोन कमी तर चेंडू खालून आणि लांब, कोन जास्त तर उंच आणि जवळ. पण क्लबवर कोरलेला असतो नंबर. ५, ६, ७... आणि गंमत अशी की या नंबरांना काहीही प्रमाण नाही. माझ्या जन्माच्या आधीच्या सेटमध्ये ७ नंबरचा लॉफ्ट साधारण ३५-३६ अंश असायचा, आणि पिचिंग वेजचा ४८ ते ५०. आजच्या बऱ्याच सेटमध्ये ७ नंबर ३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि पिचिंग वेज ४३-४४. म्हणजे आजचा ७ नंबर हा जुना ५ किंवा ६ नंबर आहे, फक्त कपाळावर ७ लिहिलंय! याला तांत्रिक कारणही आहे. हल्ली क्लबचं वजन खाली आणि कडेला नेतात, त्यामुळे चेंडू तसाही उंच जातो, मग लॉफ्ट कमी केला तरी चालतं. पण दुकानात "बघा, तुमचा ७ नंबर पंधरा यार्ड लांब गेला" असं म्हणायला बरं पडतं, हेही आहेच.

रेंजवर मी एक साधा प्रयोग केला. प्रत्येक क्लबने वीस चेंडू, मित्राकडून उसना आणलेला रेंजफाइंडर आणि एक्सेल. सगळ्यात लांब गेलेला आकडा धरायचा नाही, मधला धरायचा. (आपण सगळे आपला सगळ्यात लांब शॉट 'आपलं अंतर' म्हणून सांगतो. स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये काय होतं ते वेगळं सांगायला नको :) ) आकडे असे आले. ४ नंबर १५६ यार्ड, ५ नंबर १५४, ६ नंबर १४९, ७ नंबर १४०, ८ नंबर १२६, ९ नंबर १२०, पिचिंग वेज १०७ आणि सँड वेज ७२.

यात तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. ४ आणि ५ नंबर एकच काम करतात. माझा स्विंग जितका वेगवान आहे त्यात ४ नंबरचा चेंडू पुरेसा उचललाच जात नाही. दुसरं, १०७ आणि ७२ मध्ये पस्तीस यार्डांची खिंड आहे. आणि तिसरं, ८ आणि ९ मध्ये फक्त सहा यार्ड, तर ७ आणि ८ मध्ये चौदा. हे तिसरं काही केल्या समजेना. कंपनीच्या तक्त्यात दोन्हीकडे साडेचार-साडेचार अंशांचा फरक दिलेला आहे.

इथे बाबांची एंट्री.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. चौतीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, आणि तेव्हापासून त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर आहे. सकाळी पेपर, मग टीव्ही, मग परत तोच पेपर. आमचं बोलणं "जेवलास का" आणि "गाडीचं सर्व्हिसिंग केलंस का" एवढ्यावर आलेलं. गोल्फविषयी तर विचारूच नका. त्यांच्या लेखी हा साहेबांचा खेळ. मोठ्या साहेबांच्या गाडीच्या डिकीत ती बॅग त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेली. मी एकदा त्यांना अली शेरबद्दल सांगितलं होतं. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेला हा माणूस १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. बाबा म्हणाले, "तो जिंकला. तू हप्ता फेड." विषय संपला. त्यात चांगल्या कंपनीचा एक नवा वेज दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो हे त्यांना कळलेलं, म्हणजे बघायलाच नको.

त्या रात्री मी हॉलमध्ये सगळे क्लब मांडून बसलो होतो. बाबा पाणी प्यायला उठले, आणि उभ्या उभ्या विचारलं, "काय बघतोयस?" मी म्हटलं, "बाबा, हे दोन क्लब कागदावर वेगळे आहेत आणि चेंडू जवळजवळ सारखाच जातो."

"कागदावर म्हणजे? मोजलेस का?"

मी गप्प. मोजायचं कशाने?

बाबा काही न बोलता स्टूल घेऊन माळ्यावरची पेटी काढायला लागले. त्यातून बेव्हल प्रोट्रॅक्टर निघाला, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. त्यावर पाच मिनिटांपर्यंत, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागापर्यंत कोन वाचता येतो. सरफेस प्लेट म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. (आईचं म्हणणं इथे देत नाही.) एक पट्टी दांड्याला, दुसरी क्लबच्या तोंडाला. चष्मा कपाळावर सरकवून बाबा आकडा सांगायचे, मी लिहून घ्यायचो. ७ नंबर ३० अंश. ८ नंबर साडेपस्तीस. ९ नंबर साडेअडतीस. पिचिंग वेज ४४. म्हणजे ८ नंबर तक्त्यापेक्षा एक अंशाने जास्त आणि ९ नंबर अर्ध्या अंशाने कमी! दोघांत साडेचारऐवजी तीनच अंश उरलेले.

"ड्रॉइंगला टॉलरन्स किती दिलाय?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, एक अंश इकडे-तिकडे सर्रास चालतो. बाबांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्या समोर कुणाला शिवी दिली. "एक अंश? आमच्याकडे असा जॉब स्क्रॅपमध्ये गेला असता."

मग आम्ही रात्री एक वाजेपर्यंत बोलत होतो. मी त्यांना जीन साराझेन सांगितला. त्याने क्लबच्या तळाला डाग देऊन धातू चढवला आणि वाळूतून सहज निघणारा सँड वेज बनवला. तोच घेऊन तो १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकला. कार्स्टन सोल्हाइम सांगितला. जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर, चाळिशीत गोल्फ खेळायला लागला, पटर नीट बसेना म्हणून १९५९ मध्ये गॅरेजमध्ये स्वतःच बनवला. चेंडूला लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, म्हणून कंपनीचं नाव पिंग. "म्हणजे आपल्यातलाच," बाबा म्हणाले. साहेबांचा खेळ हा शब्द त्या रात्री परत आला नाही.

वाईसमध्ये धरून ८ नंबर वाकवायचा मोह मला झाला होता. बाबांनी आधी मटेरियल विचारलं. ओतीव स्टेनलेस म्हटल्यावर म्हणाले, "वाईसमध्ये नको, मानेत तुटेल." क्लबचा कोन बदलायचं वेगळं मशीन असतं, ते रेंजवरच्या दुरुस्तीवाल्याकडे आहे. त्या रविवारी बाबा मशीन बघायला म्हणून आले. दुरुस्तीवाल्याने एक अंश वाकवून दिल्यावर यांनी खिशातून प्रोट्रॅक्टर काढून तपासला, आणि "अजून थोडा" म्हणाले. त्यानेही निमूटपणे थोडा दिला. आता ८ नंबर ३४ अंशांवर आहे, जवळजवळ मधोमध.

आता वेज. ४४ आणि ५६ मध्ये बारा अंश. चार-चार अंशांवर भरायचं तर ४८ आणि ५२ असे दोन क्लब लागतात, सहा-सहावर भरायचं तर ५० चा एकच. मी ५० चा घेतला, तोही वापरलेला, निम्म्याहून कमी किमतीत. त्याने माझा चेंडू ९० यार्ड जातो. १०७, ९०, ७२. मधले आकडे हात थोडा आखडून काढता येतात. ६० अंशाचा घेतला नाही. टीव्हीवर तो फार देखणा दिसतो, पण त्याच्यासाठी लागणारा सराव आठवड्याला एक बादली चेंडूंत होत नाही. गरज पडलीच तर ५६ चं तोंड थोडं उघडून लॉफ्ट वाढवता येतो.

लॉफ्टइतकाच बाऊन्स बघायचा. क्लबच्या तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा जितकी खाली, तितका बाऊन्स जास्त. जास्त बाऊन्सवाला मऊ मातीत आणि वाळूत रुतत नाही, पण कडक जमिनीवर उसळी खातो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये जमीन दगड होते आणि जुलैत चिखल. म्हणून ५६ चा १२ अंश बाऊन्सचा ठेवला, पावसाळ्यासाठी आणि बंकरसाठी, आणि ५० चा ८ चा, उन्हाळ्यातल्या कडक जमिनीसाठी. आणि दुरुस्तीवाल्याने सांगायच्या आधीच बाबांनी ओळखलं होतं, की लॉफ्ट एक अंश कमी केला की बाऊन्सही एक अंश कमी होणार. त्याशिवाय कसं, धातू तोच आहे!

४ आणि ५ नंबर बॅगेतून गेले, त्यांच्या जागी २३ अंशाचा एक हायब्रिड आला. तर अंतिम यादी: ड्रायव्हर, १८ अंशाचा ५ नंबर वूड, हायब्रिड, ६ ते ९ आयर्न, पिचिंग वेज, ५०, ५६ आणि पटर. एकूण ११. तीन जागा रिकाम्या आहेत, आणि त्या भरायची मला घाई नाही. तुम्ही सेट घेणार असाल तर एवढंच सांगेन, की नंबर मोजू नका, अंश मोजा, आणि स्वतःचं मधलं अंतर धरा.

बाबांनी नंतर नंबर पंच काढून प्रत्येक आयर्नच्या पाठीवर खरा कोन ठोकून दिला. ३०, ३४, साडेअडतीसच्या जागी ३८ आणि पुढे एक टिंब. मी म्हटलं, बाबा, आता हा सेट कोणी विकत घेणार नाही. ते म्हणाले, "विकायचाय कुणाला?"

पेटी अजून माळ्यावर गेलेली नाही. सध्या पटरच्या लॉफ्टवर वाद चालू आहे. तीन अंश की चार, ते पुढच्या शनिवारी.